धावरे

त्वचा आणि तिच्यातील रसवाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) यांना होणारा जिवाणूंचा संसर्ग. बहुधा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसमुळे होतो. संसर्ग त्वचेखालच्या चरबीत उतरला की त्याला सेल्युलायटिस म्हणतात. नागिणीशी याची गल्लत होते. नागीण विषाणूची, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी, पाणीदार फोडांची असते.

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे भाताच्या आवणीच्या (रोपे लावण्याच्या) दिवसांत पाय सतत चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या भिजलेल्या, पांढऱ्या कातडीच्या चिरेतून जिवाणू आत शिरतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीच्या कात्रीचा किंवा तारेचा ओरखडाही पुरतो. म्हणून नडगी लाल दिसली तरी आधी बेचक्या उघडून पाहाव्यात.

सुरुवात अनेकदा हुडहुडी भरून येणाऱ्या तापाने होते. लाली काही तासांनी उमटते. जांघेत अवधाण (दुखरी गाठ) येते. सावळ्या कातडीवर लाली जांभळट दिसते किंवा दिसतही नाही, तेव्हा हाताची पालथी बाजू दोन्ही पायांना लावून ऊब ताडून पाहावी. धावऱ्याची कड उंचावलेली, स्पष्ट असते, सेल्युलायटिसची पुसट. दोन्ही पाय एकदम लाल झाले असतील तर कारण बहुधा वेगळे असते. पोटरी सुजून दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. हळद, चुना वा लेप लावला की ही कडच झाकली जाते. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम त्याहून वाईट: लाली फिकी पडते, संसर्ग आत वाढतो.

मूत्रपिंडे ठीक असलेल्या प्रौढांना सौम्य आजारात डॉक्टर सहसा सेफॅलेक्सिन ५०० मिलिग्रॅम दर ६ तासांनी, किमान ५ दिवस देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. उशी पोटरीखाली, नुसती टाचेखाली नाही. पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते, पण ४८ तासांत ताप आणि दुखणे उतरायला हवे. पू धरला असेल तर चीर देऊन तो काढावाच लागतो. चिखल्यांवर बुरशीरोधक मलम लावले नाही, तर धावरे पुन्हा उद्भवू शकते आणि दर खेपेला थोडी सूज मागे राहू शकते.

लालीच्या मानाने वेदना फारच जास्त, काळसर फोड, बधिरपणा, दाबल्यावर करकर किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर तो मांस कुजवणारा संसर्ग असू शकतो. अशा वेळी गोळ्यांवर थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तासाभरातच निघावे. मधुमेह असलेल्यांनी तर साध्या लालीलाही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.