समज देणे आणि समुपदेशन

नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत मी समुपदेशक म्हणून काम करते. माझ्या टेबलावर येणाऱ्या चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षे एकच वाक्य लिहिलेले असे: ‘विद्यार्थ्यास समज द्यावी.’ चिठ्ठी आणणारे मूल दारातच मान खाली घालून उभे राही, कारण समज देणे म्हणजे काय, हे त्याला पक्के ठाऊक असे.

ते आपल्यालाही ठाऊक आहे. चूक दाखवायची, परिणाम सांगायचे, ‘पुन्हा असे करणार नाही’ हे वदवून घ्यायचे आणि गरज वाटल्यास पालकांना बोलावून वहीत सही घ्यायची. शाळेत या प्रकाराला जागा आहे. कॉपी करताना सापडलेल्या मुलाला समजच द्यायला हवी, आणि ती मुख्याध्यापकांनी द्यायला हवी. माझी तक्रार एवढीच आहे की, त्याला समुपदेशन म्हणू नये.

दोष थोडा शब्दाचाही आहे. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसला असल्यामुळे तो उपदेशाचाच भारदस्त अवतार वाटतो. आपल्या शहराने त्यात भर घातली: २०२१ मध्ये हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वारांना नाशिकमध्ये दोन तासांचे ‘समुपदेशन’ सक्तीचे करण्यात आले होते. वाहतुकीचे प्रबोधन म्हणून त्यात वावगे काही नव्हते, परंतु समुपदेशन म्हणजे पकडून बसवणे, असा अर्थ नववीतल्या मुलांनी त्यावरून काढला, तर त्यांना बोल कसा लावणार? सभागृहात चारशे मुलांना बसवून परीक्षेच्या ताणावर तासभर बोलल्यानंतर वार्षिक अहवालात ‘चारशे विद्यार्थ्यांचे समुपदेशन’ असे लिहिले जाते, तेही मला खटकते. ते व्याख्यान होते. कदाचित उत्तम व्याख्यान होते.

खरा फरक असा: समज देताना मोठे बोलतात आणि मूल ऐकते, तर समुपदेशनात मूल बोलते आणि त्याने बोललेले त्याचेच राहते. बाकीचे फरक किरकोळ आहेत. समज पाच मिनिटांत आटोपते, तर समुपदेशनाला तीस-चाळीस मिनिटांची बैठक आणि बहुधा अशा अनेक बैठका लागतात. समज उभ्याने ऐकायची असते. इथे दोघेही बसतात. समुपदेशकाचे मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे शिक्षण झालेले असावे लागते. औषधे मात्र मानसोपचारतज्ज्ञच देतात. मृदू आवाज हा तर फरकच नव्हे, कारण गोड आवाजात दिलेली समजही समजच असते.

भलेभले अडखळतात ते माझ्या खोलीत नव्हे, मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत. समज देण्याच्या व्यवहारात ज्याने मुलाला पाठवले, त्याला अहवाल मिळण्याचा हक्क असतो: मूल काय म्हणाले, कबूल झाले का, माफी मागितली का. त्याच सवयीने वर्गशिक्षिका मला विचारतात, “मॅडम, काय म्हणाला तो?” प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, आणि म्हणूनच त्याला उत्तर न देणे अवघड जाते. एका मुलाच्या बाबतीत मी एवढेच सांगितले, “तो आता दर गुरुवारी माझ्याकडे येईल. तोपर्यंत वर्गात सर्वांसमोर त्याला गैरहजेरीचे कारण विचारू नका, आणि त्याची जागा बदलू नका.” बाई नाराज झाल्या. त्यांना कारण हवे होते आणि मी त्यांना काम दिले होते. पण नियम हाच आहे: शिक्षकाने काय करायचे, ते शिक्षकाला सांगायचे, मूल काय बोलले, ते मुलाचे असते. तो मुलगा काय बोलला, हे म्हणूनच मी इथेही लिहिणार नाही.

पालकांच्या बाबतीत हे आणखी कठीण होते. अंबडच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून, अंगावरच्या गणवेशानिशी थेट शाळेत आलेले वडील समोर बसून म्हणतात, “बाकी काही नको, फक्त तिच्या डोक्यात काय चाललंय तेवढं सांगा.” त्यांना हात हलवत परत पाठवणे हे समुपदेशन नव्हे, आणि मुलीच्या पाठीमागे सगळे सांगून टाकणे हेही नव्हे. अशा वेळी मी आधी मुलीला विचारते की यातले काय सांगायचे, कोणी सांगायचे आणि त्या वेळी मी शेजारी बसायचे का. पुष्कळदा ती स्वतःच सांगते, आणि वडिलांना ते माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरे वाटते.

याच्या दुसऱ्या टोकाचा गोंधळही तितकाच घातक आहे: समुपदेशक सगळे पोटात ठेवतो, असा समज. गोपनीयता म्हणजे गुपित पाळण्याची शपथ नव्हे. पहिल्याच बैठकीत मी मुलाला सांगते, “तू इथे बोललेलं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे, किंवा तुला कोणी त्रास देतंय, असं दिसलं, तर मला मोठ्यांना सांगावंच लागेल. आणि जमेल तिथवर ते मी आधी तुला सांगेन.” यात माझ्या मर्जीचा भाग थोडाच आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. ही सीमा सुरुवातीला न सांगता मुलाला बोलते करणे आणि मग पोलिसांकडे जाणे म्हणजे त्याचा विश्वासघात होय. मुले ही अट ऐकून गप्प होतील, अशी भीती नवख्या समुपदेशकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. “म्हणजे मार्क कमी पडल्याचं नाही ना सांगणार?” असे विचारून ती बोलू लागतात.

एकाच व्यक्तीने समज देणे आणि समुपदेशन ही दोन्ही कामे करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. तेव्हापासून, ‘आमच्याच एखाद्या बाईंकडे हे काम दिले तर?’ असे मला ओळखीचे मुख्याध्यापक विचारू लागले आहेत. सकाळी ज्या बाईंनी गृहपाठ न केल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले, त्यांच्याजवळ दुपारी घरातले भांडण कोणते मूल सांगेल? मलाही पूर्वी ऑफ तासाला वर्ग सांभाळायला पाठवत असत. गोंगाट करणाऱ्या तिघांना मी एकदा नाइलाजाने उभे केले, आणि त्यांच्यातल्या एकाने त्या आठवड्यापासून माझ्याकडे येणे बंद केले. त्यानंतर मी ऑफ तास घेणे सोडले; त्यावरून शिक्षक-खोलीत अजून कुरबुर चालते.

चिठ्ठीचा नमुना मात्र बदलून घेतला. ‘समज द्यावी’ ही छापील ओळ काढून तिच्या जागी ‘काय दिसले?’ आणि ‘केव्हापासून?’ असे दोन रकाने केले. सुरुवातीला पहिल्या रकान्यात ‘उद्धटपणा’ आणि दुसऱ्यात ‘पहिल्यापासून’ असेच लिहून येई. परवा आठवीच्या वर्गातून आलेल्या चिठ्ठीवर होते, ‘डबा उघडत नाही, तसाच परत नेते,’ आणि पुढे, ‘दिवाळीच्या सुट्टीपासून.’