नांगर (लहान मासेमारी होडीचा)

होडी पाण्यात एका जागी थोपवून धरण्यासाठी तळाशी सोडतात ते धातूचे साधन म्हणजे नांगर. दांडा, दांड्याच्या टोकाची कडी आणि तळात घुसणारे फाळ हे त्याचे मुख्य भाग. मासेमारीच्या लहान होडीसाठी नांगर निवडताना दोन प्रश्न सारखेच महत्त्वाचे ठरतात : तो धरेल का, आणि काम झाल्यावर सुटून वर येईल का? हौशी नौकाविहार करणारे स्वच्छ वाळूचा तळ शोधून थांबतात. मासेमाराला मासळी असेल तिथे थांबावे लागते, आणि ती बहुधा खडकांच्या आसऱ्याला असते. म्हणून दुकानात सर्वांत दणकट दिसणारा नांगर त्याच्या कामाचा असतोच असे नाही.

नांगर केवळ वजनावर होडी धरतो हा समज चुकीचा आहे. वजनावर धरतो तो दोराला बांधलेला दगड, आणि पाण्यात त्याचे वजन एक तृतीयांशाहून अधिक घटते. चांगल्या घडणीचा नांगर तळात रुततो आणि योग्य तळ मिळाला तर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओढ सोसतो. त्यामुळे वजनाआधी तळ पाहावा.

वाळू आणि घट्ट चिखल यांत रुंद, चपट्या, बिजागरीवर फिरणाऱ्या दोन फाळांचा डॅनफर्थ नांगर उत्तम. अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी तयार केलेला हा नांगर दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नौकांनी वापरला. तो हलका असून सपाट ठेवता येतो, त्यामुळे लहान होडीत अडचण होत नाही. मात्र वारा किंवा प्रवाह उलटला की तो उखडू शकतो, आणि फाळांमध्ये एखादा गोटा अडकला तर पुन्हा रुतत नाही. शेतातल्या नांगरासारख्या फाळाचा प्रकार ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्रम टेलर यांनी १९३३ मध्ये आणला. ओढीची दिशा बदलली तरी तो बहुधा तळातच वळतो. वेगवेगळ्या तळांवर जाणाऱ्या होडीला एकच नांगर ठेवायचा असेल, तर या जातीचा किंवा पंजाच्या आकाराचा नांगर घ्यावा. छत्रीच्या आकाराचा नांगर मऊ गाळात कायम रोवून ठेवण्यासाठी ठीक. भर प्रवाहात त्याचा भरवसा धरू नये.

खडकाळ तळासाठी चार-पाच बोटांचा गळासारखा नांगर लागतो. त्याची बोटे मऊ लोखंडी सळईची असावीत. कपारीत अडकलेला नांगर होडीच्या जोराने ओढला की बोटे सरळ होतात आणि तो सुटतो. नंतर ती पुन्हा वाकवता येतात. फाळांचा नांगर खडकात टाकायचाच असेल, तर साखळी दांड्याच्या कडीला न जोडता फाळांकडच्या टोकाला जोडतात, दांड्यालगत आणतात आणि कडीपाशी बारीक दोरीने बांधतात. नांगर अडकला की होडी त्याच्या डोक्यावर नेऊन जोर लावावा. बारीक दोरी तुटते, ओढ मागच्या टोकाला लागते आणि नांगर उलटा निघून येतो. ही दोरी रोजच्या ओढीला टिकेल पण जोराच्या झटक्याला तुटेल अशी हवी. मात्र लाटा वाढल्या तर ती नको तेव्हाही तुटू शकते, म्हणून रात्रभर थांबायचे असल्यास ही बांधणी वापरू नये.

निम्मे काम दोर आणि साखळी करतात. दांडा तळाला जवळजवळ समांतर राहिला तरच फाळ रुततात, आणि त्यासाठी नांगरापाशी किमान होडीच्या लांबीइतकी साखळी असावी. खडकावर घासून दोर तुटू नये म्हणूनही ती लागते. पुढचा दोर नायलॉनचा घ्यावा. तो ताणला जातो आणि लाटांचे हिसके पचवतो. स्वस्त पॉलिप्रोपिलीन दोर पाण्यावर तरंगतो, पंख्यात गुंततो आणि उन्हाने झिजतो.

दोर किती सोडायचा हे मोजताना भरतीच्या वेळची खोली धरावी आणि तीत पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंतची, उंची मिळवावी. पाणी ६ मीटर, भरतीची वाढ २ मीटर आणि नाळेची उंची १ मीटर असेल, तर बेरीज ९ मीटर. शांत हवेत याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर, आणि वारा असल्यास सातपट, म्हणजे ६३ मीटर दोर सोडावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून जागा असेल तर दोर आणखी सोडावा. नांगर घसरतो आहे का, हे ताणलेल्या दोरावर हात ठेवून कळते : रुतलेला नांगर स्थिर ओढ देतो, घसरणारा थरथरतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहत राहणे हाही खात्रीचा उपाय.

दोर नेहमी नाळेला बांधावा. जोराच्या प्रवाहात तो मागच्या बाजूला बांधला तर इंजिनाच्या भाराने आधीच खाली असलेली ती बाजू आणखी दबते, पाणी आत येते आणि होडी काही क्षणांत बुडू शकते. अडकलेला नांगर मागच्या बाजूने ओढून काढणेही तितकेच धोक्याचे. दोराच्या शेवटी बोया बांधलेला असावा आणि धारदार सुरी हाताशी ठेवावी : प्रसंग आला तर दोर तिथेच कापून होडी मोकळी करता येते, आणि बोयाच्या खुणेवर नांगर नंतर शोधता येतो.