भंगारातील सुटे भाग (जुन्या व्हॅनसाठी)

भंगारातील सुटे भाग : निकामी झालेल्या, अपघातात चेचलेल्या किंवा वय झाल्याने मोडीत काढलेल्या वाहनातून काढून त्याच जातीच्या चालू वाहनाला बसवले जाणारे भाग. गॅरेजमध्ये यालाच ‘कटिंगचा माल’ म्हणतात. नाशिक शहरात जुन्या व्हॅनसाठी, त्यातही मारुती ओम्नीसाठी, हा माल कसा शोधतात, पारखतात आणि वापरतात याचा विचार या नोंदीत केला आहे.

भंगाराच्या दुकानात एकाच वस्तूला दोन भाव असतात. एक वजनाचा, दुसरा नगाचा. ओम्नीचा स्टार्टर तराजूत टाकला तर थोडे तांबे आणि बाकी लोखंड. ‘चालू सेल्फ’ म्हणून फळीवर ठेवला तर किंमत कित्येक पटींनी चढते. वस्तू तराजूत जाईल की फळीवर, हे तिच्या अवस्थेवर तर ठरतेच, पण ती ओळखणारा माणूस वेळेवर तिथे पोहोचला की नाही यावरही ठरते. सगळा व्यवहार या दोन भावांमधल्या जागेत चालतो. मिस्त्रीला वजनाच्या जवळ राहायचे असते, दुकानदाराला नगाच्या.

गाडी

नाशिकमध्ये नुसते ‘व्हॅन’ म्हटले तरी ओम्नीच डोळ्यांपुढे येते. १९८४ मध्ये ती ‘मारुती व्हॅन’ या नावाने बाजारात आली, १९८८ मध्ये तिचे ओम्नी हे नामकरण झाले आणि २०१९ मध्ये, नव्या सुरक्षा निकषांत बसत नसल्याने, उत्पादन थांबले. मधल्या काळात तिने शाळेची पोरे वाहिली, पंचवटीतल्या मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या जुड्या पोहोचवल्या, रुग्णवाहिका म्हणून सायरन लावला आणि नवसाला निघालेल्या कुटुंबांना वणीच्या गडापर्यंत नेले. शहरात आणि निफाड-दिंडोरीकडे अजून बऱ्याच ओम्नी रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांना गाडी विकून हाती फारसे काही येत नाही आणि चालवायला खर्च कमी लागतो. मग दुरुस्तीच परवडते.

इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, पुढच्या सीटखाली बसवलेले. त्यामुळे दुरुस्तीला बॉनेट नाही, सीट उघडावी लागते. हेच इंजिन मारुती ८०० मध्येही होते आणि शोधाची बरीच पायपीट या नात्याने वाचते : पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह असा पोटातला माल पुष्कळदा दोन्हींकडे चालतो. नाते एवढेच. ८०० चे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते; ओम्नीचे उभे बसते आणि प्रोपेलर शाफ्टमार्फत मागची चाके ढकलते. गिअरबॉक्स, संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे), माउंटिंग यांची अदलाबदल होत नाही. शिवाय कार्बोरेटरची जुनी ओम्नी आणि नंतरची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) ओम्नी यांची वायरिंग आणि पेट्रोलची यंत्रणा निराळी. ‘ओम्नीचा पार्ट द्या’ एवढेच सांगणाऱ्याला दुकानदार हाताला येईल ते देतो. वर्ष, कार्बोरेटर की एमपीएफआय, पाच सीटर की आठ सीटर की कार्गो, इतके सांगितले तरच पुढचे बोलणे होते. त्याहून चांगले म्हणजे तुटलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा.

ओम्नीच्या आधीची पिढी बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरची. तिचा माल आता भंगारातही क्वचितच दिसतो. मॅटॅडोर हौसेने सांभाळणारे थोडे लोक आहेत. ते भंगारवाल्यापेक्षा लेथवाल्याकडे जास्त जातात.

काय शोधतात

क्लचप्लेट, ब्रेकशू, प्लग, ऑईल सील, टायमिंग बेल्ट या गोष्टी नव्या, वाजवी दरात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. त्यांसाठी भंगारात जाणे म्हणजे पेट्रोल फुकट घालवणे. भंगारात जायचे ते कंपनीचा मूळ माल संपत आलेल्या किंवा नव्याचा दर झेपत नसलेल्या वस्तूंसाठी : दारांची लॉक आणि हँडल, मीटर, काचा, वायपरची मोटर, स्टेअरिंगचा रॅक, अल्टरनेटर, मागच्या एक्सलचा क्राउन-पिनियन (दातेरी चाकांची जोडी), स्प्रिंगच्या पाट्यांचा अख्खा संच, डॅशबोर्डचे प्लास्टिक. पत्र्याचे भागही : चाकाजवळच्या कमानी आणि सरकत्या दाराखालचा पट्टा आधी गंजतो, म्हणून चांगल्या पत्र्याची गाडी कटिंगला आली की त्यांचे तुकडे कापून घेतात आणि जुना पत्रा काढून वेल्डिंग करतात.

सर्वांत जास्त मागणी सरकत्या दाराच्या सामानाला. ओम्नीचे हे दार तीन ठिकाणी पेललेले असते : वरच्या खाचेत, खालच्या खाचेत आणि बाहेरच्या पत्र्यावर मागपर्यंत गेलेल्या मधल्या पट्टीत. मधल्या पट्टीतला रोलर झिजला की दाराचे मागचे टोक खाली बसते. मग दार उचलून ढकलावे लागते, लॉक चौकटीवरच्या कडीच्या खाली धडकते आणि पोरे ते आणखी जोरात आपटतात. शाळेच्या व्हॅनचे दार म्हणूनच सर्वांत आधी जाते. बाजारातले लोकल रोलर मिळतात, पण बऱ्याच मिस्त्रींचा त्यांवर भरवसा नाही. ते भंगारात घरगुती वापराची गाडी हेरतात, आणि तिच्यातही उजवे दार पाहतात. ते रहदारीच्या बाजूचे, कमी उघडलेले. त्यावरचे रोलर, कड्या कमी झिजलेल्या असतात. डाव्या-उजव्या बाजूचा आर्म (रोलर धरणारा दांडा) मात्र इकडचा तिकडे लागत नाही, तिथे हुशारी चालत नाही.

बाजार

नाशिकच्या भंगाराचे ठिकाण म्हणजे अंबड-सातपूर लिंक रोड. दोन्ही बाजूंना एमआयडीसी, त्यामुळे कारखान्यांचे टाकाऊ लोखंड, पिंपे, पुठ्ठा, लाकूड असा सगळा माल इथे येई आणि त्यातच गाड्याही. बाजार अनधिकृत होता. आगींच्या आणि धुराच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या. न्यायालयीन लढाईनंतर जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तो पाडला. भंगार काही नाहीसे झाले नाही; दुकाने विखुरली, काही पुन्हा त्याच पट्ट्यात उभी राहिली आणि पुन्हा कारवाया झाल्या. जुन्या गाडीच्या मालकाला याचा त्रास असा की पूर्वी एका फेरीत चार दुकाने पालथी घालता येत, आता आधी फोन करावा लागतो. भागाचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, समोरून दुसरा फोटो येतो, त्यात पार्ट कमी आणि अंगठा जास्त दिसतो.

एक जमेची बाजू नाशिकला आहे. सातपूर-अंबडला महिंद्रा आणि बॉश (पूर्वीची मायको) यांसारख्या कारखान्यांभोवती लहान वर्कशॉप वाढली. त्यामुळे टर्नर, फिटर, वेल्डर यांची ददात नाही. भंगारात मिळालेल्या ड्रमला चरे असतील तर लेथवर साफ होतो, हाउसिंगमधले आटे गेले असतील तर बुश घालून नवे आटे पाडून मिळतात. अर्धवट चांगला मालही इथे उपयोगी पडतो तो यामुळे.

गाडी दुकानात आल्यावर क्रम ठरलेला. बॅटरी, टायर, असल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधी उतरतात. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम वर्गातले धातू असतात, तो थेट वेगळ्या व्यापाऱ्याकडे जातो. मग इंजिन आणि गिअरबॉक्स. तांबे, ॲल्युमिनियम, बीड (ओतीव लोखंड) आणि पत्रा यांचे वेगवेगळे ढीग लागतात आणि उरलेले लोखंड जालन्यासारख्या ठिकाणच्या पोलादभट्ट्यांची वाट धरते. मिस्त्रीची धडपड असते ती गॅस कटर लागण्याआधी पोहोचण्याची. पान्याने खोललेला आणि कटरने तोडलेला भाग यांत फार अंतर आहे. ज्योतीच्या आचेने शेजारचे रबरी बुश वितळतात, बेअरिंगच्या पोलादाचे पाणी उतरते (ते मऊ पडते) आणि ब्रॅकेट वाकडा होतो. जाम बोल्टवर तेल सोडून थांबायची दुकानातल्या पोराची तयारी नसते, त्याला दिवसाला गाडी संपवायची असते. ओळखीचे मिस्त्री म्हणूनच आपले पाने घेऊन जातात आणि स्वतः खोलतात.

पारख

स्टार्टर पाहायचा तो असा. तो जमिनीवर आडवा ठेवून पायाने दाबून धरायचा, कारण मोटर सुरू होताना उडते. बॅटरीची ऋण वायर बॉडीला, धन वायर सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) जाड नटला, आणि एका तारेने त्याच नटवरून लहान टर्मिनलला स्पर्श करायचा. ‘टक’ आवाजासह पिनियन (टोकाचे लहान दातेरी चाक) पुढे फेकला गेला पाहिजे आणि त्याच क्षणी फिरला पाहिजे. नुसता ‘टक’ आला तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) गेले. नुसता फिरला आणि पिनियन जागचा हलला नाही तर त्याला ढकलणारा फोर्क (काटा) गेला. आवाज खरखरीत आला तर बुश. निफाडकडच्या थंडीत पहाटे गाडी काढणाऱ्याला अर्धवट सेल्फ चालत नाही. संवाद साधारण असा होतो :

‘शेठ, वजनावर लावा की. कार्बन संपलेत.’

‘दादा, आत्ता तुमच्यासमोर फिरला. नगाचाच भाव लागेल.’

‘मग नाही चालला तर परत?’

‘संध्याकाळपर्यंत आणा. वायर कापलेली नको.’

या बाजारातली हमी एवढीच, आणि ती बहुतेक जण पाळतात.

अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून बेअरिंगची घरघर ऐकतात. कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या दांड्याला बोटाने हलवून खेळ (ढिलेपणा) पाहतात. खेळ असेल तर आयडलिंग (उभ्या गाडीतली इंजिनाची चाल) कधीच जागेवर बसत नाही. गिअरबॉक्सचा ड्रेन नट खोलून तेल बोटांत चोळतात, चमचमती कीस लागली तर सोडून देतात. हेड (सिलिंडरवरचे झाकण) घेताना स्टीलची सरळ पट्टी तिरपी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहायचे. दिसला तर फेसिंगचा (ते घासून सपाट करण्याचा) खर्च भावातून वजा करून मागायचा. पूर आलेल्या गाडीची वायरिंग मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. गोदावरीला २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये मोठे पूर आले. पाण्यात राहिलेल्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज असतो आणि तो वर्षभराने डोके वर काढतो. सीटच्या रुळांत वाळलेला गाळ सापडला की गाडीची कुंडली कळते.

काही वस्तू भंगारातून घेणे म्हणजे जिवाशी खेळ. ब्रेकचे रबरी पाइप, मास्टर सिलिंडरची वॉशर, सीटबेल्ट, टाय-रॉडचे टोक, टायर आणि गॅसची टाकी नवीच घ्यावी. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते. कागदाविना आलेल्या टाकीचा भूतकाळ कोणी सांगू शकत नाही. टायर वरून काळाभोर दिसतो, पण बाजूच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष छापलेले असते. शाळेच्या व्हॅनला या बाबतीत काटकसर करणाऱ्या मालकाला मिस्त्रीने सरळ नाही म्हणावे.

कागद

हँडल किंवा बंपरला कोणी कागद विचारत नाही. इंजिन आणि चासीची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधने आहेत आणि इंजिन बदलल्यास त्याची नोंद पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात करून घ्यावी लागते. बिल नसलेले, नंबर घासलेले इंजिन घेणाऱ्याच्या गळ्यात चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा पडू शकतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ त्यासाठी आहे. त्यामुळे शहाणे मिस्त्री अख्खे इंजिन घेत नाहीत. नंबर कोरलेला आपला ब्लॉक ठेवून हेड, क्रँक, मॅनिफोल्ड एवढेच घेतात, म्हणजे नंबर जुनाच राहतो.

गाडी मोडीत देणाऱ्यानेही कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. हे टाळून नुसती गाडी विकणारे पुष्कळ आहेत. तिच्या नंबरावर पुढे काही घडले तर पोलीस त्यांच्याच दारात येतात. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते आणि नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते. तेल जमिनीत मुरवणाऱ्या उघड्या कटिंगपेक्षा ही व्यवस्था नक्कीच बरी. पण तिच्यात गाडीचा गठ्ठा लवकर होतो आणि मिस्त्रीला पाने घेऊन आत जाता येत नाही, ही जुन्या व्हॅनवाल्याची तक्रारही खोटी नाही.

दुसरीकडे १५ वर्षे झालेल्या खासगी गाडीचे नोंदणी नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून महागले. कारसाठी ६०० रुपयांचे शुल्क ५,००० रुपये झाले, त्यावर पर्यावरण कर वेगळा. ते भरण्याऐवजी बऱ्याच जणांना ओम्नी काढून टाकणे सोयीचे वाटते. तूर्त त्यामुळे कटिंगला माल येतो आहे. मारुतीच्याच २०१० पासूनच्या ईको व्हॅनही आता येऊ लागल्या आहेत, पण त्यांचे इंजिन ११९६ सीसीचे, चार सिलिंडरचे, सांगाडा मारुतीच्या आधीच्या व्हर्सा गाडीच्या वळणाचा आणि चाक तेरा इंचांचे. ओम्नीचे चाक बारा इंचांचे. ईकोच्या ढिगातून ओम्नीवाल्याला बल्ब-होल्डर आणि नट-बोल्टांपलीकडे फारसे काही लागत नाही.