तारीख पक्की करणे (घरगुती विक्री)

घरगुती विक्रीच्या बैठकीला जमलेल्या बायकांपैकी एखाद-दोघींना पुढची बैठक आपल्या घरी ठेवायला राजी करणे आणि वार, तारीख, वेळ तिथल्या तिथे ठरवून डायरीत लिहून घेणे, याला विक्रेत्या ‘बुकिंग घेणे’ किंवा ‘तारीख पक्की करणे’ म्हणतात. डबे, सौंदर्यप्रसाधने, नॉनस्टिक भांडी, इमिटेशन दागिने, ड्रेस मटेरियल असा माल दुकानात न मांडता ओळखीच्या घरात दाखवून विकला जातो. त्या बैठकीला कोल्हापुरात ‘डेमो’ किंवा सरळ ‘पार्टी’ म्हणतात आणि जिच्या घरी ती होते ती ‘होस्टेस’. होस्टेसला झालेल्या विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू मिळते. बऱ्याच कंपन्या तिच्या बैठकीतून पुढच्या तारखा निघाल्या तर वेगळी भेट देतात.

दुकानदाराकडे गिऱ्हाईक आपल्या पायाने येते. घरगुती विक्रीत मात्र दर वेळी नवे घर लागते. बहीण, जाऊ, शेजारीण, मुलांच्या शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या आया ही हातची घरे लवकरच संपतात, आणि त्यापुढची घरे फक्त झालेल्या डेमोतूनच मिळू शकतात. एका डेमोतून एक तारीख निघाली तर धंदा जागेवर राहतो. दोन निघाल्या तर वाढतो, कारण त्यातली एखादी मोडणार हे धरूनच चालायचे असते. एकही निघाली नाही, तर त्या दुपारी ऑर्डरी कितीही पडल्या असोत, पुढच्या महिन्याचे पान कोरे. नवख्या विक्रेत्या बिलाच्या आकड्यावर खूश होऊन पिशव्या भरतात. मुरलेल्या बायका मात्र आधी डायरी उघडतात.

पद्धत मूळची अमेरिकेची. स्टॅनली होम प्रॉडक्ट्स ही 1931 साली निघालेली कंपनी घरगुती वापराचे ब्रश आणि सफाईच्या वस्तू अशा बैठकांतून विकत असे. तिथे तयार झालेल्या ब्राउनी वाइज यांनी अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे घराघरांत नेले. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे दाखवल्याखेरीज ते डबे दुकानात खपत नव्हते. 1951 मध्ये टपरवेअरने दुकानांतली विक्री थांबवली आणि सगळी मदार या बैठकांवर ठेवली. वाइज 1954 साली ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकल्या. त्या जागी येणाऱ्या त्या पहिल्या महिला. 1958 मध्ये त्यांना कंपनीतून काढण्यात आले. भारतात टपरवेअर 1996 मध्ये आले. उदारीकरणानंतरच्या त्याच काळात ओरिफ्लेम, एव्हॉन, अॅमवे या कंपन्याही आल्या. पुण्या-मुंबईसारखेच कोल्हापुरातही ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी इथल्या दिवाणखान्यांतून डेमो रंगू लागले. बायकांनी दुपारी एकमेकींकडे जमायची चाल मात्र इथे आधीपासूनच होती. हळदी-कुंकू होते, भिशी होती, कुणाची लेक बाळंतपणाला आली म्हणून जमणेही होते. कंपन्यांनी त्या जमण्यात डबे आणून ठेवले, इतकेच.

तारीख मागायची वेळ ठरलेली असते. माल हातोहात फिरतो आहे, चहा-पोहे अजून यायचे आहेत, तेव्हा. बिले होऊन बायका चपला शोधायला लागल्या की कुणी तारीख देत नाही. शिवाय सगळ्यांना एकदम ‘कुणाकडे ठेवायचा पुढचा?’ असे विचारले की खोलीभर हसू पसरते आणि प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवते. विचारायचे ते एकटीला, शक्यतो जिने सर्वांत जास्त प्रश्न केले तिला किंवा जिचा एखादा मोठा सेट घ्यायचा आहे पण किंमत जड जाते आहे तिला. तिच्यासाठी होस्टेसची भेट हे खरोखरच कारण असते. ‘कधी ठेवूया?’ असे मोकळे न सोडता दोन तारखा पुढे ठेवायच्या. कोल्हापुरी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, ‘बघूया की’ म्हणतो, आणि त्या ‘बघूया’ला तारीख नसते. मंगळवार पेठेतल्या एका डेमोतला संवाद नमुन्यादाखल :

‘वैनी, तुमच्याकडं ठेवूया की.’
‘ठेवूया की. गौरी-गणपती होऊ देत, मग बघू.’
‘गणपती झालं की पितृपंधरवडा. तवा नवीन डबं कोण घेतंय? पुढं नवरात्र. त्यापेक्षा गणपतीच्या आधीच करू. बुधवारी जमतंय का शनिवारी?’
‘शनिवारी आत्याबाईंचा उपवास असतोय.’
‘मग बुधवारीच. तीन वाजता. दहा जणी तर जमतील?’
‘दहा काय, आमच्या गल्लीतल्याच पंधरा हायत.’

गल्लीतल्या पंधरा जणींचे तोंडातून निघाले की तारीख बरीचशी पक्की झाली समजायचे, कारण आता ती बाई मनातल्या मनात आमंत्रणे करू लागलेली असते. जाणती विक्रेती तिथेच कागद पुढे करते आणि त्या पंधरांपैकी निदान आठ नावे लिहून घेते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये मांडलेले निरीक्षण याच्याशी जुळते : नुसता इरादा असण्यापेक्षा ‘केव्हा, कुठे, कसे’ ठरवलेला इरादा पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते.

तारखेला खरी अडचण येते ती पंचांगाची. इथला विक्रेतीचा महिना एक तारखेपासून मोजून चालत नाही. गौरी-गणपतीपाठोपाठ पितृपंधरवडा, मग नवरात्र. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी शहर गच्च भरते, देवळालगतच्या पेठांत घरोघरी पाहुणे, त्यात ललितापंचमीला त्र्यंबोली देवीची यात्रा. या नऊ दिवसांत तारीख मागणारी विक्रेती नवी आहे हे लगेच कळते. दसऱ्यापासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंतचे वीसेक दिवस हा वर्षातला सोन्याचा काळ. पण त्यावर साडीवाल्या, फराळवाल्या, दागिनेवाल्या सगळ्यांचाच डोळा असतो. म्हणून या दिवसांच्या तारखा श्रावणातच घेऊन ठेवतात. तीन आठवड्यांपलीकडची तारीख सहसा टिकत नाही, असे या धंद्यातले सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. दिवाळीची तारीख त्याला अपवाद ठरते, कारण त्या खरेदीसाठी घरात पैसा आधीच बाजूला काढलेला असतो.

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ वरवर फार सोयीचा वाटतो, कारण रोज कुणाकडे तरी हळदी-कुंकू असते. पण हळदी-कुंकवाला डेमो जोडणे फसते. आलेली बाई त्याच संध्याकाळी आणखी चार घरी जायची असते. तिळगूळ आणि वाण घेतले की ती उठते, डब्याचे झाकण कोण बघत बसणार? त्यापेक्षा डिसेंबरात वाणाच्या ठोक ऑर्डरी घ्याव्यात आणि हळदी-कुंकवात फक्त फेब्रुवारीच्या तारखा मागाव्यात. चैत्रगौरीचे हळदी-कुंकू महिनाभर, थेट अक्षय्यतृतीयेपर्यंत चालते. कैरीची डाळ, पन्हे आणि सैल गप्पा असल्यामुळे तिथे बायका बसतातही. आषाढात मंगळवार-शुक्रवार सोडून द्यावे लागतात. पंचगंगेचे नवे पाणी घेऊन गल्लोगल्लीच्या बायका पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघालेल्या असतात. त्यातच पावसाळा. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर सखल भागांतल्या जुलै-ऑगस्टच्या तारखा पेन्सिलनेच लिहायच्या असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की होस्टेसच्या घरातले सामान माळ्यावर जाते आणि 43 फुटांच्या धोका पातळीला डेमोचे नाव कुणी काढत नाही. अशा वेळी विक्रेती स्वतःच फोन करून दुसरी तारीख देते. होस्टेसला आपण शब्द मोडला असे वाटू न देणे हा त्यामागचा हेतू.

वाराचेही तसेच. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी रविवार बरा, असे बाहेरून आलेल्या मॅनेजर सांगतात. कोल्हापुरात रविवारी दुपारी घरात मटण शिजत असते. तांबडा-पांढरा उरकून, भांडी घासून मोकळी झालेली बाई चार वाजता डेमो बघायला उठेल, ही आशा फार. शनिवारची दुपार किंवा कामाच्या दिवशी तीन ते साडेपाच ही वेळ टिकते. मुलांच्या शिकवण्या आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्या आधी सगळ्या जणी घरी परततात.

करवीर, कागल, हातकणंगले तालुक्यांतल्या गावांत तारीख ठरते ती दुधाच्या बिलावर. गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्या संस्थांतून दर दहा दिवसांनी बिल निघते आणि बऱ्याच घरांत ते पैसे बाईच्या हाती असतात. बिलानंतरच्या दोन-तीन दिवसांत ठेवलेल्या डेमोत रोख ऑर्डरी पडतात. आधी ठेवला तर सगळे ‘बिल झाल्यावर देते’वर जाते आणि विक्रेती आठवडाभर वसुली करत फिरते. दिवाळीपूर्वी दूध दराच्या फरकाची रक्कम जमा होते, तेव्हाची तारीख गावातल्या विक्रेत्या आपसात भांडून घेतात.

भिशी हा तयार जमाव असतो. बारा-पंधरा जणी, महिन्याची ठरलेली तारीख, चिठ्ठी काढायला सगळ्यांनी यायचेच. त्यामुळे भिशीच्या घरी डेमो ठेवला की तारीख मोडण्याचा प्रश्न उरत नाही. तोटा असा की जमणाऱ्या बायका दर महिन्याला त्याच. दोन डेमो झाले की सगळ्यांकडे डबे होतात, आणि तिसऱ्याला चिठ्ठी निघाल्यावर निम्म्या जणी निघून जातात. भिशीतून एकच तारीख घ्यावी, तीही अशा बाईची जिचे माहेर किंवा नोकरी दुसऱ्या भागात आहे. मंगळवार पेठेच्या भिशीतून कसबा बावड्यात किंवा उचगावात जाता आले तरच पुढची घरे उघडतात.

पक्की झालेली तारीख टिकवणे हे निम्मे काम. दुसऱ्या दिवशी होस्टेसला फोन, चार दिवस आधी ‘कोण कोण येणार?’ अशी विचारणा, आदल्या संध्याकाळी एक निरोप. तारीख मोडते ती बहुतेक सकाळी साडेनऊच्या सुमारास, व्हॉट्सअॅपवर, ‘पाहुणे आलेत’ या कारणाने. पाहुणे कधी खरेच आलेले असतात. त्यावर रुसण्यापेक्षा त्याच फोनवर पुढची तारीख घेतली तर निम्म्या मोडलेल्या तारखा परत जुळतात. होस्टेसवर खाण्याच्या पदार्थांचा बोजा पडू न देणेही महत्त्वाचे. पहिल्या घरी बटाटेवडे आणि शिरा झाला की पाहून गेलेल्या बायका आपल्या घरी तारीख द्यायला कचरतात. म्हणून ‘नुसता चहा ठेवा’ हे विक्रेतीने सगळ्यांसमोर सांगायचे असते.

या सगळ्यात भिडेचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. जोनाथन फ्रेन्झेन आणि हॅरी डेव्हिस यांनी 1990 मध्ये अशा बैठकांचा अभ्यास केला, तेव्हा खरेदीमागे होस्टेस आणि पाहुणी यांच्या नात्याच्या घट्टपणाला बरेच वजन असल्याचे त्यांना आढळले. तारीख देणारी बाईही कधी मालासाठी देते, कधी होस्टेसचे तोंड राखण्यासाठी. दुसऱ्या प्रकारची तारीख हमखास मोडते आणि सोबत एक ओळखही जाते. गल्लीत परत तोंड दाखवायचे असलेली विक्रेती म्हणूनच दुसऱ्यांदा ‘नको’ आले की विषय बदलते.

डिसेंबर 2021 च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांना, म्हणजे माल विकण्याऐवजी नवी माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या साखळ्यांना, बंदी घातली आहे. ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा संमती याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही त्यांत म्हटले आहे. ठरलेल्या तारखेचा डेमो त्यात सहज बसतो. जिथे माल बाजूला पडून फक्त ‘आणखी दोन जणी जोड’ सुरू होते तिथे मात्र सावध राहिलेले बरे. 1978 च्या कायद्यानेही पैसा फिरवणाऱ्या अशा साखळ्या गुन्हा ठरवल्या आहेत.

टपरवेअरच्या मूळ कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. कोल्हापुरातल्या बऱ्याच विक्रेत्या तोवर व्हॉट्सअॅप स्टेटसवर फोटो टाकून ऑर्डरी घेऊ लागल्या होत्या. साड्या आणि डबे त्यावर खपतात. लिपस्टिकची शेड मनगटावर लावून बघायची असेल किंवा नॉनस्टिक तव्यावर थेंबभर तेलात आंबोळी सुटते हे दाखवायचे असेल, तर कुणाच्या तरी घरचा गॅस, दोन तास आणि डायरीतली एक तारीख लागतेच.