कराची–मुंबई : दीड तासाची वाट, दुबईमार्गे

मुंबईहून कराची सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर. दिल्लीसुद्धा आपल्याला याहून लांब. जेट विमानाला दीड तास पुरे. पण तिकीट काढायला गेलात तर वाट निघते ती बहुधा आखाती देशांतून. दुबईमार्गे जायचं तर आधी पश्चिमेला सुमारे १९३० किलोमीटर, मग तिथून उलटं पूर्वेला जवळजवळ १२००.

हे असं नव्हतं. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला अजून नारायण जगन्नाथ वैद्य या तेव्हाच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं नाव आहे. मार्च १९२९मध्ये इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची लंडन–कराची सेवा सुरू झाली, तेव्हा विलायतेची टपाल कराचीपर्यंत हवेतून येऊ लागली. पुढे दक्षिणेकडे ती विमानानेच न्यावी, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. जे. आर. डी. टाटांनी ती उचलून धरली.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी एका इंजिनाचं 'पुस मॉथ' घेऊन एकटेच निघाले. सोबत प्रवासी नाही, फक्त टपालाच्या थैल्या. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. जुहूचं मैदान म्हणजे तेव्हा समुद्रकाठची माती. पावसाळ्यात तिथे चिखल होई आणि मग मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

फाळणीनंतरही विमानं उडत राहिली, पण अधूनमधून. जानेवारी १९७१मध्ये भारताच्या 'गंगा' या प्रवासी विमानाचं अपहरण होऊन ते लाहोरला जाळलं गेलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. वर्षाअखेर तर युद्धच झालं. हवाई संबंध पुन्हा जुळायला १९७६ उजाडलं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२पासून दोन वर्षं पुन्हा तेच. मे २०१७मध्ये पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीने कराची–मुंबई सेवा थांबवली. तिचं कारण मात्र प्रवाशांचा तुटवडा असं सांगितलं गेलं. व्हिसाच मिळेना तर प्रवासी आणायचे कुठून? २०१९मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश काही महिने बंद होतं आणि एप्रिल २०२५मध्ये, पहलगामनंतर, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना दारं लावून घेतली.

१९८२मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ'मधून तोच प्रवास पुन्हा केला. १९३२मध्ये त्यांना बैलगाडीचा थांबा धरून सव्वासात तास लागले होते. आज दुबईमार्गे नुसतं उडणंच पाच तासांचं, आणि तिथली ताटकळ वेगळी.