आंतरवैयक्तिक समस्या-निराकरण कौशल्ये : सुईने नशा घेणाऱ्यांमधील

माणसामाणसांतला पेच ओळखणे, त्यातून एकाहून अधिक वाटा सुचणे, त्यांपैकी एक टप्प्याटप्प्याने तडीस नेणे आणि तिचे परिणाम आधी जोखणे, या क्षमतांना ही संज्ञा आहे. सर्वसाधारण बुद्धिमत्तेपासून त्या वेगळ्या मानल्या जातात.

संकल्पनेचा उगम साधारणतः फिलाडेल्फियातील हानेमान वैद्यकीय महाविद्यालयात जॉर्ज स्पिव्हॅक, मर्ना शुअर व जेरोम प्लॅट यांनी केलेल्या कामात शोधतात. डी’झुरिला व गोल्डफ्राइड या मानसशास्त्रज्ञांची १९७१ मधील समस्या-निराकरणाची मांडणी मात्र वर्तनोपचाराच्या अंगाने आलेली आहे. म्हणून जनकत्व एकाच गटाला देणे योग्य वाटत नाही. प्लॅट व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या तरुण कैद्यांची तुलना व्यसन नसलेल्या कैद्यांशी केली. त्यांच्या साधन-साध्य चाचणीत गोष्टीची सुरुवात आणि शेवट दिलेले असतात. एक जण नव्या वस्तीत राहायला येतो, ओळखीचे कोणीच नाही. शेवटी त्याला भरपूर मित्र मिळालेले असतात. मधली गोष्ट उत्तर देणाऱ्याने रचायची. त्यात सुचलेले उपाय, गृहीत धरलेले अडथळे व लागणाऱ्या वेळाचे भान मोजतात. हेरॉइन घेणारे या मधल्या भागात कमी पडले.

ही उणीव नशेआधीची की नंतरची, याचा उलगडा अशा एकवेळच्या तुलनेतून होत नाही. शिवाय गोष्ट रंगवून सांगता येणे आणि प्रत्यक्ष वागणे यांत अंतर असते. त्यामुळे उणिवेला स्वभावदोष ठरवणे घाईचे आहे. प्रत्यक्ष प्रसंग असा असतो : दोघांत सिरिंज एकच, पुडी दुसऱ्याने आणलेली, ‘टर्की’ (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) लागून अंग मोडून आलेले. अशा वेळी ‘तुझी सुई नको’ म्हणणे म्हणजे पुडीतला वाटा आणि दोस्ती दोन्ही गमावण्याची तयारी ठेवणे. सुई वेगळी असली तरी चमचा, कापूस व पाणी एकच राहिले, तर हेपॅटायटिस सीचा धोका उरतोच. म्हणून ॲम्स्टरडॅममध्ये १९८४ पासून सुरू झालेल्या सुई-बदल योजनेसारख्या (वापरलेल्या सुईच्या बदल्यात नवी देणाऱ्या) सोयींशिवाय नुसते कौशल्य-प्रशिक्षण अपुरे ठरते.

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून सुया-सिरिंज व ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनऐवजी द्यायचे औषध) दिले जाते. महाराष्ट्रात गर्द (अशुद्ध हेरॉइन) टोचण्यापेक्षा ओढण्याची रीत अधिक परिचित आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा गट चालतो.