घासायचं नाही, घरंगळू द्यायचं

अमेरिकेतल्या नेमबाजीच्या मैदानांवर गोळीबार थांबला की काही माणसं खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचायला लागतात. भंगारात विकायला नव्हे, पुन्हा भरायला. काडतुसाचे भाग चार: पुंगळी, प्रायमर (बुडाशी बसवलेली, ठिणगी देणारी छोटी टोपी), दारू आणि गोळी. त्यातले तीन एकदाच वापरता येतात. पुंगळी मात्र पितळेची असते, नीट सांभाळली तर अनेकदा कामाला येते आणि चौघांत सहसा महागही तीच असते. म्हणून घरच्या घरी काडतुसं भरणं हा तिकडे रीतसर छंद आहे. आपल्याकडे तो विषयच नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, त्यामुळे आठवण म्हणून रिकामी पुंगळी खिशात घालून आणणंही अंगाशी येऊ शकतं.

हा लेख भरण्याबद्दल नाही, त्याआधीच्या धुण्याबद्दल आहे. कारण पुंगळ्या धुण्यासाठी ही मंडळी गॅरेजमध्ये जे यंत्र जोडतात, त्यात पाइपाचा एक तुकडा, दोन रूळ आणि एक जुनी मोटर याखेरीज फारसं काही नसतं, आणि तरीही त्यात यंत्रशास्त्र, रसायन आणि धातुशास्त्र असं सगळं एकत्र नांदतं.

झडलेल्या पुंगळीवर बाहेरून काजळी आणि माती असते, आतून जळक्या दारूचा थर असतो आणि बुडाशी प्रायमरच्या खोबणीत राखाडी खरपुडी धरलेली असते. पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात वाळूचा एक कण गेला तरी त्यापुढच्या प्रत्येक पुंगळीवर ओरखडा उमटतो. मग पॉलिश पेपरनं किंवा बफवर घासून काढायला काय हरकत? हरकत अशी की ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या पुंगळीची तोंडाजवळची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. घासलं की धातूच जातो. मळ जावा आणि पितळ राहावं, अशी सोय हवी.

जुनी पद्धत कोरडी. थरथरणाऱ्या भांड्यात मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्यांचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भरडा घालायचा आणि पुंगळ्या त्यात घोळवायच्या. बाहेरून चमक येते, पण खोबणीतली खरपुडी तशीच राहते आणि धूळ उडते. ही धूळ साधी नसते, त्याबद्दल पुढे. ओल्या पद्धतीत फिरतं पिंप असतं. त्यात पाणी, थोडा साबण आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना. या पिना साधारण १.२ मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर लांब असतात. माप उगाच ठरलेलं नाही. प्रायमरची ठिणगी आत जाण्यासाठी पुंगळीच्या बुडाला जे भोक असतं ते सुमारे दोन मिलिमीटरचं, त्यामुळे एक पिन त्यातून आरपार जाते आणि जाता जाता त्याचे काठही साफ करते. दोन पिना एकदम घुसल्या की मात्र अडकून बसतात. मधोमध एकच भोक ठेवण्याची ही रचना ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांची, आणि दोन छोट्या भोकांची रचना अमेरिकन हायरम बर्डन यांची. दोन्ही १८६०च्या दशकातल्या. गंमत म्हणजे अमेरिकेत ब्रिटिश रचना रुजली आणि युरोपात बरीच वर्षं अमेरिकन चालली.

आता यंत्र. पिंपासाठी सहा इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा घेतात. बाहेरून तो १६८ मिलिमीटर भरतो, आतून १५४. एका टोकाला टोपी कायमची चिकटवायची, दुसऱ्या टोकाला रबरी टोपी होज क्लिपनं आवळायची. खाली लाकडी चौकटीत बेअरिंगवर फिरणारे दोन समांतर दांडे, त्यांवर रबरी नळी चढवलेली. एक दांडा मोटर फिरवते, दुसरा नुसता टेकू देतो. पिंप दोघांच्या मध्ये पडून असतं. दांडे केसभर तिरपे बसले की पिंप फिरता फिरता एका बाजूला सरकत जातं आणि शेवटी खाली पडतं. म्हणून दोन्ही टोकांना नायलॉनची छोटी चाकं अडसर म्हणून लावतात.

पहिला घोळ होतो तो वेगाचा. अमेरिकेतली साधी चार पोलची मोटर मिनिटाला १७२५ फेरे घेते (तिकडे वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५० हर्ट्‌झवर हाच आकडा १४४० च्या आसपास येतो). मोटरवर दोन इंची पुली आणि दांड्यावर दहा इंची पुली लावली की दांडा ३४५ फेरे घेतो. रबरासकट दांडा २५ मिलिमीटरचा आणि पिंप १६८ चं, म्हणजे पिंपाला मिळतात सुमारे ५१ फेरे. छान. पण गाडीच्या वायपरची मोटर स्वस्तात मिळाली म्हणून तीच थेट दांड्याला जोडली तर? ती स्वतःच मिनिटाला पन्नासेक फेरे घेणारी. पिंप सात-आठ फेऱ्यांवर रांगत राहतं आणि दिवसभर फिरवूनही पुंगळ्या काळ्याच निघतात.

५१ च का, आणि दीडशे का नाही? पिंप फार वेगानं फिरलं तर आतला माल भिंतीला चिकटून तिच्याबरोबरच गोल फिरतो. पिंपाच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढायला कमी पडतं. हा उंबरठा काढणं सोपं आहे. आतला व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४२.३ ला त्यानं भागायचं. आपल्या पिंपाचा व्यास ०.१५४ मीटर, म्हणून उत्तर येतं १०८ फेरे. त्यापलीकडे पिंप फिरतं, पण आत काहीच घडत नाही. सिमेंटच्या आणि खनिजांच्या कारखान्यांतल्या, पोलादी गोळ्यांनी माल दळणाऱ्या प्रचंड बॉल मिलही याच सूत्रावर चालतात. यात वजन कुठेच येत नाही, ही मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. पिन असो, पुंगळी असो की पोलादी गोळा, उंबरठा ठरतो तो फक्त पिंपाच्या व्यासावरून.

उंबरठ्याच्या जरा खालच्या वेगाला माल वरून सुटून हवेत उडतो आणि समोर आपटतो. दगड फोडायचे असतील तर ते ठीक, पण पुंगळ्यांची तोंडं त्यानं ठेचली जातात. निम्म्याच्या आसपास वेग ठेवला तर माल भिंतीबरोबर थोडा वर चढतो आणि उतारावरून थराथरानं घरंगळत खाली येतो. खरं काम या घरंगळण्यातच होतं. हजारो पिना एकमेकींवरून आणि पुंगळ्यांवरून, आतून आणि बाहेरून, सरकत राहतात. पोलाद पितळेपेक्षा कठीण असलं तरी एकेका पिनेचं वजन इतकं क्षुल्लक की ती पितळ कापू शकत नाही. ती वरची खरपुडी उडवते आणि पृष्ठभाग दाबून गुळगुळीत करते.

पण पीव्हीसीची आतली भिंत गुळगुळीत, वर साबणाचं पाणी. अशा वेळी माल वर चढतच नाही. भिंत त्याच्या खालून निसटत राहते आणि सगळा ढीग तळाशी निवांत पडून असतो. बाहेरून पाहणाऱ्याला पिंप झकास फिरताना दिसतं, मात्र कान लावला तर पिनांच्या सरीऐवजी नुसता एकसुरी खरखराट ऐकू येतो. उपाय सोपा आहे. पीव्हीसीच्याच तीन-चार पट्ट्या आत लांबीच्या दिशेनं चिकटवायच्या. स्क्रू मारण्याचा मोह टाळलेला बरा, कारण प्रत्येक भोक पुढेमागे गळतंच.

भरण्याचं प्रमाण या छंदात जवळपास ठरून गेलं आहे: सव्वादोन किलो पिना, नऊशे ग्रॅम पुंगळ्या आणि पावणेचार लिटर पाणी. ९ मिलिमीटरच्या पुंगळ्या असतील तर नऊशे ग्रॅममध्ये सव्वादोनशेच्या आसपास बसतात. आपल्या फूटभर पिंपाचा पाऊण भाग यानं भरतो. एवढा माल फिरवायला ताकद किती लागते याचा हिशेब केला तर हसू येतं. पाणी आपली पातळी धरून राहतं, उचलावा लागतो तो फक्त पिना-पुंगळ्यांचा तीन किलोंहून थोडा जास्त ढीग, तोही काही सेंटिमीटर. पाच ते दहा वॅटमध्ये ते काम होतं. बाकी सगळी वीज पट्टा, बेअरिंग आणि खुद्द मोटर खाते. त्यामुळे मोठ्या मोटरसाठी खर्च करण्यात अर्थ नाही. पाण्याशेजारी वीज आहे हे ध्यानात ठेवून विजेची गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर मात्र हवाच.

रसायनाचा भाग चिमूटभराचा, पण बिघडवायला तेवढा पुरतो. भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब चिकट काजळी सोडवतात आणि ती पुन्हा बसू नये म्हणून पाण्यात तरंगती ठेवतात. त्यासोबत पाव चमचा सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. ते तांब्याचे काळपट ऑक्साइड विरघळवतं आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. समई चिंचेनं घासताना हेच घडतं, आम्ल तेवढं वेगळं. चिंचेचा कोळ समईवर जास्त वेळ राहिला तर लालसर गुलाबी डाग पडतो, तोही इथे जसाच्या तसा दिसतो. पुंगळीच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. आम्ल जास्त झालं की पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे उरतं. गुलाबी पुंगळ्या दिसल्या की समजावं, चमचा मोठा पडला.

मग बाजारातलं पितळेचं पॉलिशच का वापरू नये? त्यांतल्या काहींमध्ये अमोनिया असतो म्हणून. आणि अमोनिया पितळेचं काय करतो हे जगाला कळलं ते आपल्याच देशातल्या पावसाळ्यामुळे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याच्या मोहिमा पावसाळ्यात थंडावत, तेव्हा काडतुसं तबेल्यांत ठेवली जात. उघडीप झाल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना भेगा पडलेल्या. कोणी हात लावला नाही, गोळी झाडली नाही, तरी पितळ आपसूक फाटलेलं. ऋतूनुसार येणारा हा रोग म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. समाधानकारक उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा मिळून तांबं विरघळवतात. पण तेवढ्यानं भेग पडत नाही. पुंगळी थंड पितळ ओढून बनवतात, त्यामुळे तिच्या आत ताण अडकून राहिलेला असतो. अमोनिया धातूच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतो आणि तो ताण त्या सीमा उघडत नेतो. धातू, ताण आणि रसायन या तिघांपैकी एक काढून घेतलं की रोग थांबतो. म्हणून पुंगळ्यांना बेताची उष्णता देऊन ताण मोकळा करायची पद्धत आली.

पुण्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. पुंगळी कशी ओढायची आणि किती तापवायची हे ज्ञान आपल्याकडे छंद म्हणून नसलं तरी कारखान्यात केव्हाचं मुरलेलं आहे.

तीन-चार तासांनी पिंप उघडलं की पाणी शाईसारखं काळं निघतं. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं एक स्फोटक संयुग असतं, लेड स्टिफनेट. ते जळल्यावर उरणारं शिसं खोबणीत आणि पुंगळीच्या आत बसलेलं असतं. कोरड्या पद्धतीत उडणारी धूळ वाईट ती यामुळेच. ओल्या पद्धतीत शिसं पाण्यात अडकतं हा मोठा फायदा, पण मग ते पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नसतं. अमेरिकेत घरगुती घातक कचरा घेणारी केंद्रं असतात, तिथे द्यायचं. हातमोजे घालायचे, पिना चुंबकानं उचलायच्या (ताणून कडक केलेलं हे स्टील थोडंफार चुंबकाला चिकटतं) आणि पुंगळ्या गाळायला घेतलेल्या चाळणीत पुन्हा कधी पीठ चाळायचं नाही.

वाळवणं सोपं वाटतं, पण घाई करणारे ओव्हनकडे वळतात. ते चुकीचं आहे. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दाब २४०० वातावरणांपर्यंत चढू शकतो आणि तो झेलतं ते पुंगळीचं मुद्दाम कडक ठेवलेलं बूड. जास्त तापवलं की ते मऊ पडतं, आणि नुसतं बघून ते कळतही नाही. फळं सुकवायच्या यंत्रात ६०-६५ अंशांवर ठेवल्या तरी तासाभरात पुंगळ्या कोरड्या होतात, ऊन असेल तर तेही पुरतं. त्यानंतर प्रत्येक पुंगळी उजेडासमोर धरून भोकात पिन अडकली नाही ना हे पाहायचं. आरशासारखी चमक येते ती डोळ्यांना बरी, बंदुकीला तिचा काही उपयोग नाही. चमक वाढावी म्हणून आठ-दहा तास पिंप फिरवत ठेवणाऱ्यांच्या पुंगळ्यांचे काठ एकमेकांवर आपटून ठेचले जातात.

ही फिरती पिंपं मुळात दगड पॉलिश करणाऱ्यांची. त्या कामासाठी आपल्याकडे कसली परवानगी लागत नाही आणि माल तर पायाखालीच आहे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोट्या भरपूर सापडतात. पिना काढायच्या आणि त्यांच्याऐवजी सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घालायची, आधी जाड, मग बारीक, शेवटी पॉलिशची. मात्र दगड पितळेहून कितीतरी कठीण, म्हणून एकेका टप्प्याला तासांऐवजी आठवडा लागतो. आणि दगडांच्या चिखलात कधी कधी वायू तयार होऊन रबरी टोपी फुगते, तेव्हा पहिले काही दिवस ती रोज एकदा सैल करून बघावी लागते.